सवाल शक्तीचा

"नारदाला एका जागी का बसवत नाही?" महाडहून पोलादपूरला निघालेल्या एसटीत मी वहीत बघून पुटपुटत होते.

"एसटीत जागा मिळत नसेल," शेजारचा म्हणाला.

मी रागाने पाहिलं. औषध कंपनीतली रात्रपाळी उरकून घरी निघालेल्या मुलीची थट्टा करायची नसते. त्यात नऊ वाजता गावच्या देवळात मला संस्कार वर्ग घ्यायचा होता आणि तयारीला होता फक्त हा अर्ध्या तासाचा प्रवास. आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाने पाठवलेली पोथी उघडली, की नववी-दहावीची पोरं मोबाइल उघडायची. मागच्या रविवारी तर चारच आली. म्हणून आज जाखडीच्या नाचात असतो तसा शक्ती-तुरा लावायचं ठरवलं होतं. एक ओळ पार्वतीची म्हणजे शक्ती, एक शंकराची म्हणजे तुरा, आणि पुराणातले सवाल एकमेकांवर. पुढचे सवाल पोरं घरून शोधून आणतील, माझी तयारी वाचेल.

"शक्तीवाल्या दिसताय," तो वहीत डोकावत म्हणाला. "आमच्या घरात तीन पिढ्या तुरा हाय."

"मग या की... बघू किती टिकता."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण तो – प्रितम, शेजारच्या वाडीचा, महाडला वायरमन – खरंच माझ्याबरोबर उतरला आणि तुऱ्याच्या ओळीत जाऊन बसला.

पुढचे तीन रविवार त्याने माझ्यासाठी खिडकी धरली. बाहेर सावित्री नदी दिसायची, आणि सवाल रचता रचता त्याचं कोपर माझ्या वहीला लागायचं... मी वही काही मागे घेतली नाही. पोरं चाराची एकवीस झाली. ऋतिका नावाची दहावीतली पोरगी तर अख्ख्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना छळून सवाल आणायची. मला आवडायला लागला होता तो, सरळ सांगते. शनिवारची पाळी संपता संपायची नाही.

चौथ्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष काशीरामकाका मुंबईहून आले. ढोलकी ऐकून दारातच थांबले.

"देवळात फड मांडलास काय गो, राजनंदिनी? पोथी वाच, नायतर वर्ग बंद. आणि हा तुरेवाल्यांचा पोरगा हितं शक्तीवाल्यांच्या गावात कशाला?"

मी ढोलकी बाजूला सारली. आज गप्प बसले असते, तर वर्ग गेला असता आणि प्रितमही.

"काका, पोथी वाचत होते तेव्हा चार पोरं होती, आज एकवीस हायत. बंद करायचा तर त्यांना विचारून करा."

एकही पोर जागचं हललं नाही. मग ऋतिका उभी राहिली.

"शक्तीचा सवाल. पार्वती एकटी भांडत असली, तर शंकर कुठं असतो?"

जवाब तुऱ्याने द्यायचा होता. प्रितम उठला, मधली मोकळी जागा ओलांडून आला आणि शक्तीच्या ओळीत माझ्या शेजारी बसला. तुऱ्याचा माणूस शक्तीत... आमच्याकडे असं कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

"हा जवाब, काका," तो म्हणाला. "मी हिच्या बाजूचा हाय. आजपुरता नाय."

माझे कान तापले. काका माझ्याकडे बघत होते, पोरं बघत होती, आणि तो मात्र जमिनीकडे. मी उठले.

"तुऱ्याकडे माणूस कमी पडलं," म्हटलं, आणि पलीकडे त्याच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. माझा होकार सगळ्या देवळाला कळला.

"चला," मी ढोलकी पुढे ओढली. "आता तुऱ्याचा सवाल."