सारवलेली मोटार

"कोनं पानी टाकलं गाडीत? बोला ना आता! कोनीच बोलत नाही काहून?"

देवीदास अंगणात कडाडला आणि चुलीपुढे बसलेल्या सत्यवतीच्या हातातली भाकर हातातच राहिली... अमरावतीच्या बाजारात भाजी न्यायला तिच्या या नवऱ्यानं एका साहेबाची जुनी मोटार घेतली होती. सगळ्या वलगावात भाजीवाल्याच्या दारात मोटार ती एकच! आज भर रस्त्यात तिचा तळ फाटला आणि वांगी धुळीत लोळली. तरट उचलून पाहिलं, तर खाली वाळल्या चिखलासारखा थर आणि त्याखालचा पत्रा गंजून पापड झालेला.

कोणामुळे झालं, हे सत्यवतीला पुरतं ठाऊक होतं. तिची सासू तानुबाई, लेक मळ्यात गेला की, दर सोमवारी मोटारीचा तळ शेणानं सारवायची आणि वर तरट अंथरायची. घरात आलेली लक्ष्मी ती, तिची भुई कोरडी ठणठणीत कशी ठेवायची! सासरे गेल्यापासून म्हातारीनं अंथरूण धरलं होतं, अन्न गोड लागत नव्हतं; मोटार दारात आली आणि ती पहिल्यांदा उठली ती शेणाची पाटी घेऊनच! तो हात सुनेनं कोणत्या तोंडानं धरावा?

"मीच धूत होती," सत्यवती खालमानेनं म्हणाली. "चिखल लागे भाजीचा..."

"अक्कल गहान टाकली का व? मोडीत देतो आता गाडी, अन् तुले पोचवतो दर्यापूरले, मायच्या घरी!"

तानुबाईनंही कपाळाला हात लावला. "पोरी, लक्ष्मीवर पानी ओतते का कोनी?"

हाय रे दैवा! जिच्यासाठी दोष पदरात घेतला, तिनंच बोल लावावा! सत्यवतीचं अंतःकरण विदीर्ण झालं. पण "येत्या बाजारापर्यंत थांबा," एवढंच ती म्हणाली. "मी करतो तिले नीट."

अमरावतीचा कारागीर तोंड फाडून बसला होता; त्याला बोलावलं असतं तर कांद्याचं सारं पीक त्याच्याच घशात गेलं असतं. पण माहेरच्या विहिरीवरची लोखंडी मोट रात्रंदिवस पाण्यात राहूनही गंजत नसे, कारण बाबा दर उन्हाळ्यात तिला शेंदूर नि जवसाच्या तेलाचा हात देत. सत्यवतीनं पदर खोचला. खुरप्यानं वाळलं शेण काढलं. विटकरीच्या तुकड्यानं, वाळूनं घासघासून गंज उतरवला. घासलेटच्या फडक्यानं पत्रा पुसला. भोकांवर गावच्या लोहाराकडून घासलेटच्या डब्याचा पत्रा ठोकून घेतला. मग उकळलेल्या जवसाच्या तेलात शेंदूर कालवून हात दिला, उन्हात वाळवला, पुन्हा दिला, आणि वरून त्याच तेलात दिव्याची काजळी खलून काळा रंग! बोटं फुटली, पण नवरा तिच्याकडे ढुंकूनही पाहीना. रडू येई तेव्हा ती आणखी जोरानं घासत असे.

बाजाराच्या सकाळी देवीदासनं तळावर पाय दाबून पाहिला. तळ हलला नाही. कौतुकाचा शब्द ओठांशी आला, पण मानी पुरुषाची जीभ ती, वळेल तर शपथ! तेवढ्यात तानुबाई हसतमुखानं शेणाची पाटी घेऊन आली.

"कोरी झाली ना रे लक्ष्मी? सरक, सारवून देतो. दर सोमवारी मीच तं सारवतो!"

देवीदास मायच्या पाटीकडे, मग बायकोच्या फुटलेल्या बोटांकडे पाहत राहिला. "माय... तू?" सत्यवतीनं घाईघाईनं डोळ्यांनीच त्याला विनवलं, पण तानुबाईनं ते नेमकं पाहिलं. म्हातारी काही दुधखुळी नव्हती.

"म्हंजे मीच गंजवली? अन् माह्यापायी तू बोलनी खाल्ली? काहून नाही सांगतलं व माय?"

"तुमी उठल्या होत्या, आत्याबाई... पुन्हा निजल्या असत्या तं?"

शेणानं माखलेले हात दूर धरून, नुसत्या कोपरांनीच तानुबाईनं सुनेला उराशी कवटाळलं आणि दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या!

"माहं चुकलं," देवीदास मान खाली घालून म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच! मग त्यानं मोटारीचं दार उघडलं. "चाल, बस."

"कुठं? दर्यापूरले?"

"अमरावतीले! बाजारात मी एकटाच किती ओरडू?"

मोटार घरघरली, तशी म्हातारी मागून धावली. "अन् येतांनी शेंदूर आनजो व! सोमवारी मले काही काम पाह्यजे का नाही?"

सत्यवती रडता रडता हसू लागली.