शिडांचा डबा

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. अविधवा नवमी, सोमवार. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. हेमाचे दोन ब्लाउज शिवून तयार होते, ते द्यायला मी निघाले. पाऊस उघडला होता. आमच्या भाट्याला नारळ संशोधन केंद्राचं कुंपण संपतं, तिथून खाली उतरलं की डाव्या हाताला तिचं नि हरिहरदादांचं घर. माझ्या घरापासून चार घरांचे दगडी गडगे सोडून पाचवा. रोजची वाट. हे मुद्दाम सांगते, कारण मागाहून तुम्ही पोरी म्हणाल की मावशी आधीच घाबरली होती, म्हणून तिला भलतंसलतं दिसलं. मी घाबरले नव्हते. मी चिडले होते. का चिडले होते ते ऐका.

हरिहरदादा शाळेत कारकून होते, आता घरी असतात. त्यांना एकच नाद. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणायचं, पटाशीनं कोरायचं आणि हातभर लांबीची शिडाची होडी करायची. डोलकाठी, दोऱ्या, सुकाणू, सगळं खऱ्यासारखं. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. ओटीवरच्या फळीवर रांगेनं मांडून ठेवायची. त्यांची पहिली बायको दीपालीवहिनी. होडी ह्यांची, शिडं तिची. सासऱ्याच्या जुन्या धोतराचं मऊ कापड घ्यायची, एक मोठं शीड, पुढे एक लहान, दोन्ही हातानं शिवायची आणि भाताच्या पेजेत बुडवून ताठ करायची.

वहिनीला पोटाचं दुखणं लागलं. दोन वर्षं अंथरुणात काढली. आपण जाणार हे तिला कळलं होतं. दुसरी असती तर बांगड्या कुणाला, पातेली कुणाला, ते सांगून ठेवलं असतं. हिनं पडल्या पडल्या शिडं शिवली. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा भरला. अकरा गुंडाळ्या. एकेका गुंडाळीत एका होडीची दोन शिडं, वर दोरा बांधलेला. आणि मग गेली.

आता बघा काय झालं ते. आधी होडी व्हायची आणि तिच्या मापानं शीड. वहिनी गेल्यावर उलटं झालं. दादा डब्यातली एक गुंडाळी सोडायचे, शीड मोजायचे आणि त्या मापाची होडी करायला बसायचे. मेलेली बाई माप देत होती आणि जिता पुरुष लाकूड कापत होता. मला ते तेव्हाच खटकलं होतं. बोलले नाही, कारण मला कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांनी दादांनी हेमाशी लग्न केलं. ती दापोलीची. कामाला खमकी, तोंडाला तिखट. भिंतीवरच्या वहिनीच्या फोटोला सणासुदीला हार तीच घालायची. वहिनीच्या जुन्या पातळांची तिनं गोधडी करून घेतली आणि खुशाल पांघरली. त्या सगळ्याचं तिला काही नव्हतं. डबा मात्र तिला बघवत नव्हता. मला म्हणायची, जेवताना हे पानात बघतात, होडी करताना डब्यात बघतात, माझ्याकडे कधी बघायचं ठरवलंय ते एकदा विचारून सांग. शिडं मी शिवते म्हणून तिनं दादांना सांगून पाहिलं. दादा म्हणाले, डबा संपू दे, मग तू शीव.

तिथून तिचं मोजणं सुरू झालं. ती आली तेव्हा आठ गुंडाळ्या होत्या. मग सात. मग सहा. दिवस भरत आलेली बाई मोजते तशी मोजायची. माझ्याकडे येऊन हातशिलाई शिकली. मी शिकवली. पहिल्या वर्षी शिवण म्हणजे पोत्याचं तोंड शिवल्यासारखी. तिसऱ्या वर्षी हात बसला.

आणि खोटं कशाला बोलू, मीही मनातून जळायचे. माझा नवरा मुंबईला. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यानं मला साधा पोळपाट करून दिला नाही. इथे एका बाईसाठी ती मेल्यावरही होड्या होत होत्या आणि दुसरी त्यात आपल्याला जागा मागत होती.

अकरावी होडी गेल्या शिमग्यात पुरी झाली. हेमानं त्या दिवशी डबा घासला, उन्हात वाळवला, आणि रिकामा डबा मला उघडून दाखवला. पोरीसारखी हसत होती. नवीन मलमल आणली. पुढचे सहा महिने एक मोठं शीड शिवत बसली. शिवायचं, उसवायचं, परत शिवायचं.

गणपती उठले त्या दिवशी तीच मलमल ठेवायला तिनं डबा उघडला. आत एक गुंडाळी होती. धोतराच्या कापडाची. वर दोरा बांधलेला.

ती डबा घेऊन तडक माझ्या अंगणाच्या बेड्यातून आत आली आणि चार माणसांत मला म्हणाली की दादा चोरून माझ्याकडून शिडं शिवून घेतात. कधीपासून चाललंय, विचारलं. आणखी काय काय शिवून घेतात, तेही विचारलं. मी मशीनवर बसले होते. उठून दोन थोबाडीत देणार होते. पण आधी चष्मा लावला आणि शीड हातात घेतलं.

"हे माझं नाय," मी म्हटलं.

"कशावरून?"

"इतकं बारीक मला येत नाय, म्हणून."

हे बोलताना माझी जीभ पोळली. वीस वर्षं लोकांची कापडं शिवून पोट भरते मी. तरी ते खरं होतं. तो हात कुणाचा ते मला कळलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून हेमालाही कळलं. ती माझ्या पायरीवर मटकन बसली. मग उठून गेली. माफी मागितली नाही.

दादांनी काही विचारलं नाही. गुंडाळी बघून त्यांना एवढा आनंद झाला की ती आली कुठून हा प्रश्नच त्यांना पडला नाही. माप घेतलं नि लाकूड कापायला बसले. होडीचं बूड झालं, डोलकाठी उभी राहिली, तेव्हा हेमानं ती गुंडाळी न्हाणीच्या चुलीत घातली. दादांनी डबा उघडला, दोनदा आत हात घातला आणि झाकण लावलं. हेमा मला मागाहून म्हणाली, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग ही नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. वहिनीच्या नावानं सहा वर्षं मी बसते. ह्या वर्षी मी नाहीच म्हणणार होते, पण दादा स्वतः बोलवायला आले. मी पाटावर, हेमा वाढायला. माझ्या तोंडाकडे न बघता तिनं मला सगळं जेवण वाढलं. दादांनी दोन साड्या आणल्या होत्या, एक वहिनीची म्हणून मला, एक हेमाला. दोन्ही एकाच किमतीच्या, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. हेमाला वाईट वाटलंच. जेवणं झाल्यावर दादा नाटे गावाला बहिणीकडे गेले, सकाळच्या एस.टी.नं येणार होते.

तर म्हणून मी चिडलेली. ब्लाउज दारातच द्यायचे आणि मागे वळायचं, एवढं ठरवून गेले होते.

हेमानं दार उघडलं. अंगावर दुपारचीच साडी, पोपटी. ओटीवर टेबलावर ती बिनशिडाची होडी. दाराशी कपड्यांची बॅग भरून ठेवलेली. तिनं माझ्या हातातले ब्लाउज घेतले, बघितलेही नाहीत, बॅगेवर टाकले.

"मालनताई, बस. दुपारी तिच्या नावानं जेवलीस ना? आता तिच्या नावानं बघ. मी माझं शीड चढवते."

मी निघून यायला हवं होतं. बसले. वहिनीच्या बारीक टाक्यांचं कौतुक ऐकून माझेही कान किटले होते. कुणीतरी तिच्या जागी आपलं शीड बांधतंय, ते मला बघायचं होतं.

तिनं मलमलीचं मोठं शीड बांधलं. चांगलं बसलं हो. पुढचं लहान अजून कापलेलंसुद्धा नव्हतं, त्याची दोरी तशीच मोकळी राहिली. म्हणाली, सकाळी दादा आले की त्यांना हे पहिलं दिसेल. त्यांनी राहू दिलं तर मी ह्या घरातली. काढलं तर बॅग भरलेलीच आहे, दहाच्या गाडीनं मी दापोलीला.

मी घड्याळाकडे बघितलं. नऊ चाळीस. आणि लाइट गेली.

आम्ही समोरासमोर बसलो होतो. गुडघ्याला गुडघा लागत होता. बाहेर समुद्राचा आवाज होता, तो रोजचाच. हेमानं माझे हात धरले. दोन्ही. तिचा मोबाईल माजघरात चार्जिंगला, माझा घरी. मेणबत्ती फडताळात. आणायची तर हात सोडायला हवे.

हात आम्ही सोडले नाहीत.

मग आवाज आला. मोठा नाही. कापडातून दोरा ओढल्यासारखा. सुर्र...

थांबला.

सुर्र...

हा आवाज मी झोपेतही ओळखीन. दिवसभर माझ्याच हातातून निघतो.

हेमाचे दोन्ही हात माझ्या हातात होते.

सुर्र...

मी दादांना हाक मारली. उगाच. दादा नाट्याला होते.

हेमाच्या बोटांना घाम फुटला होता. पण बाई खमकी. काळोखाकडे तोंड करून बोलली. हळू, पण स्पष्ट.

"अकरा तू केल्यास. बारावी मी जाळली. आता एक मला करू दे."

आवाज थांबला.

समुद्राचाही ऐकू येईना. की मलाच येत नव्हता... कोण जाणे.

पेजेचा वास आला. गरम, आत्ताच गाळलेल्या पेजेचा. त्या घरात संध्याकाळपासून चूल पेटली नव्हती.

मग पुन्हा... सुर्र. सुर्र. सुर्र. आता भराभर. आता जवळ. टेबलाकडून नाही. आमच्या दोघींच्या मधून. तिथे माणूस बसायला जागाच नव्हती.





...

मग ते संपलं. लाइट आली. घड्याळात नऊ बावन्न.

होडी टेबलावर होती. हेमाचं मोठं शीड तिनं बांधलं तसंच, गाठसुद्धा तिचीच. आणि पुढच्या मोकळ्या दोरीवर लहान शीड होतं. पोपटी.

हेमा होडीकडे बघत राहिली. मी तिच्या मांडीकडे बघितलं. पदर तिथेच होता, आम्ही धरलेल्या हातांच्या खाली. त्याच्या मधोमध तिकोनी भोक. मी तिचा हात उचलून त्या भोकावर ठेवला.

त्या रात्री मी घरी गेले नाही. दोघी जाग्या बसलो. उजाडल्यावर दादा आले, छत्री टेकवली आणि होडीपाशी उभे राहिले. हेमा बॅगेच्या बाजूला भिंतीला धरून उभी. दादांनी मोठ्या शिडावरून बोट फिरवलं, मग लहानावरून.

"दोघींनी बसून केलंत होय," म्हणाले.

हेमा माझ्याकडे बघत होती. "होय," म्हणाली.

त्यांनी होडी उचलली नि फळीवर सगळ्यांच्या पुढे ठेवली. मग चहा मागितला. हेमानं बॅग उचलून आत नेली. आता शिडं तीच शिवते. डबा तिनं मीठ ठेवायला घेतलाय.

पण मी सांगत होते ते त्या पदराचं.

कापडाला कात्री लावली की काप मोकळा राहतो, त्यातून धागे सुटतात. तिरका काप तर ताणला जातो, हाताला नीट लागत नाही. त्या भोकाच्या तिन्ही कडा आत दुमडून शिवलेल्या होत्या. पदर उसवू नये म्हणून. शिडाच्या तीन कडा वेगळ्या. सहा कडा, इंचाला चौदा टाके. मला हे काम दिलं असतं तर दुपारी बसून दिवेलागणीला उठले असते. लाइट गेली होती बारा मिनिटं.

तेव्हाच, लाइट आल्या आल्या, मी चष्मा लावला होता आणि त्या कडेवरून बोट फिरवलं होतं. शेवटच्या टाक्याशी दोरा कात्रीनं कापलेला नव्हता. दातानं तोडलेला होता.

टोक अजून ओलं होतं.