तहानेची आठवण

काचघरातल्या ज्वारीचं पाणी तोडून महिना होत आला होता. राज्यभरातून आणलेल्या वाणांनी माना टाकल्या होत्या. एकच रांग हिरवी होती.

"हे बियाणं कुठलं?" डॉ. मंदाकिनी हुलसूरकरांनी विचारलं.

"बोरदऱ्याचं, मॅडम," त्यांचे सहकारी इनामदार म्हणाले.

मंदाकिनीबाई खुर्चीत टेकल्या. बोरदरा त्यांचं माहेर. आगटीचा धूर, हातावर चोळलेला गरम हुरडा, चुलत बहीण वच्छीचं खिदळणं, सगळं एकदम दाटून आलं.

पुढच्याच आठवड्यात कृषिसचिव देशमाने आले. बाईंनी त्यांना समजावलं, "रोप तहानलं की त्याच्या जनुकांवर खुणा उमटतात आणि बियाण्यात उतरतात. ही तृषास्मृती. चार-पाच पिढ्या भरपूर पाणी मिळालं की ती पुसली जाते. बाकी सगळीकडे तेच झालंय."

"मग हे बी शीतगृहात जपू."

"साठवलेलं बी हळूहळू मरतं. ते पेरत राहायला हवं, तेही कोरड्या रानात."

देशमाने यांनी समोरचा नकाशा ओढून घेतला. "म्हणजे बोरदऱ्याला मंजूर झालेला कालवा रद्द करायचा."

बाई हटून बसल्या. घरोघर नळ आणि पिकाची पूर्ण भरपाई कायद्यात घालून घेतली, तेव्हाच शिफारशीवर सही केली. 'तृषाक्षेत्र' कायदा झाला. बोरदऱ्याची शेतं कायमची कोरडी ठरली.

त्या स्वतः सांगायला गेल्या. वच्छी ओसरीवर बसून ऐकत राहिली.

"नुकसान होणार नाही गं तुमचं," बाई म्हणाल्या.

"नाही होणार. पण कालवा येईल म्हणून पोरं थांबली होती, मंदे. आता कशाला थांबतील?"

वर्षागणिक घरांना कुलपं लागत गेली. भरपाई घरबसल्या खात्यात येई. ती घेऊन पोरं शहरात दुकानं थाटत. रान मात्र पडीक पडू लागलं. बियाणं टिकवायचा एवढा चोख कायदा, पण त्यात पेरणारं माणूस टिकवायचं कलमच नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पेरणीला मंदाकिनीबाई बोरदऱ्यात उतरल्या. वच्छी एकटीच बांधावर उभी होती.

"किती दिवस राहणार?" तिनं विचारलं.

"बी राहील तोवर."

वच्छीनं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि बियाण्याची ओटी त्यांच्या कमरेला बांधली. "मूठ सैल धर," ती म्हणाली. "घट्ट धरलीस तर बी पडणार नाही."