वाल्तोने बंद केलेली वाट

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण लेम्पीसमोर तसं म्हणू नका. ती माझी शेजारीण. उगाच काहीबाही बोलणारी बाई नव्हे.

मार्च संपत आलेला. शनिवारची दुपार. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातलं आमचं बेट.

थंडी संपली असं धरून लोकांनी फावडी आत ठेवली होती, आणि नेमकं तेव्हाच वादळ आलं. आधी पाऊस, मग गारा, मग नुसतं हिम. समोरचं घर दिसेना.

हिवाळ्यात आमची वाट सरोवरावरूनच असते. गोठलेल्या पाण्यावरून गाड्या पलीकडच्या काठाला जातात. नाताळ झाला की प्रत्येक घर आपलं सजावटीचं झाड देतं. बर्फात भोकं पाडून ती झाडं दोन्ही बाजूंनी रोवतात. झाड दिसलं, म्हणजे वाट आहे. झाड उपटून आडवं टाकलं, म्हणजे वाट बंद.

हे काम लेम्पीच्या नवऱ्याचं होतं. वाल्तोचं. मागच्या वर्षी तो म्हणाला, बर्फ आतून पोकळ झालाय, आजच वाट बंद करू. बारमधले सगळे हसले. सुट्टीच्या दिवसांचा धंदा कोण सोडणार? वाल्तो एकटाच पहार घेऊन गेला.

तो सापडलाच नाही.

नंतर लोक म्हणाले, प्यायला असेल. वाल्तो दारूला शिवत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी म्हणाले. मेलेल्या माणसावर ढकललं की सगळे मोकळे होतात.

तर त्या दुपारी साइमाचा फोन आला. साइमा म्हणजे लेम्पीची एकुलती एक मुलगी. पलीकडच्या काठावर राहते. दिवस भरायला अजून अवकाश होता, आणि कळा सुरू झाल्या होत्या. नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला. तिकडचे रस्ते हिमाखाली. रुग्णवाहिका कुठेतरी अडकून पडलेली.

“आई, तू ये गं. घरात कोणी नाही.”

मग फोनही बंद पडला.

लेम्पी कोट चढवून निघाली, तर दारात धाकटा दीर ओन्नी. वाल्तोनंतर वाटेचं काम त्याच्याकडे आलं होतं.

“वहिनी, वेड लागलंय का? या वादळात कुठे निघालात?”

“वाट उघडी आहे ना, भावजी? तुम्हीच ठेवलीत ना उघडी, बारवाल्याच्या शब्दाखातर?”

ओन्नीने मान खाली घातली. “बर्फ जाड आहे. सकाळीच बघून आलोय.”

“मग बसा गाडीत. आणि काच खाली करा.”

बर्फावर काचा खाली, पट्टे सोडलेले. गाडी बुडालीच तर बाहेर पडता यावं म्हणून. हिम सरळ तोंडावर येत होतं.

एक झाड... अंधुक पांढरं... मग दुसरं झाड.

“मागच्या वर्षी तुम्हीही हसला होतात,” लेम्पी म्हणाली.

“माहीत आहे, वहिनी.”

“सगळ्यांत मोठ्याने.”

ओन्नी खिडकीतून डोकं बाहेर काढून पुढचं झाड शोधू लागला.

आणि मग... झाडं संपली.

लेम्पीने गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना नुसती भोकं. गोल. आत काळं पाणी. एवढ्या हिमात ती केव्हाच बुजायला हवी होती, पण एकातही हिमाचा कण नव्हता.

“कोणी उपटली?”

“कोणी नाही. पहार माझ्या अंगणात आहे, वहिनी. येताना बघितली मी.”

तेवढ्यात आवाज आला.

ठक्... ठक्... थोडं थांबून, ठक्.

पुढून. हिमाच्या आतून.

लेम्पीने इंजिन बंद केलं. दोन घाव, मग दम घेऊन एक. वाल्तो असाच बर्फ फोडायचा. संसारभर तिने तो आवाज ऐकला होता.

ती खाली उतरली.

“वाल्तो, साइमाला कळा आल्यात. मला जाऊ दे.”

आवाज थांबला.

गाडीच्या अगदी पुढ्यात एक झाड उभं होतं. आधी नव्हतं. ते हळूहळू वर उचललं गेलं... आणि वाटेवर आडवं झालं.

जवळ कोणीच नव्हतं. पावलं नव्हती.

“मागे फिरा, वहिनी,” ओन्नी रडत होता. “दादा सांगतोय. बर्फाच्या बाबतीत तो कधी चुकला नाही. मागच्या वर्षी ऐकलं असतं तर...”

लेम्पी पलीकडे बघत उभी राहिली. तिकडे तिची पोर होती. पण एकदा त्याचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि त्याचं काय झालं ते तिने भोगलं होतं. आज आपण तरी ऐकायचं, असं तिला वाटलं.

तिने गाडी वळवली.

सकाळी वादळ निवळलं. लेम्पी आणि ओन्नी सगळ्यांच्या आधी निघाले.

सगळी झाडं जागेवर होती. एकही उपटलेलं नव्हतं. बुंध्याशी हिम तसंच साचलेलं.

आणि बर्फ... दगडासारखा घट्ट. कुठे चीरही नाही. पुढे कितीतरी दिवस त्यावरून गाड्या जात होत्या.

साइमा स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ.

“थोडा वेळ रडला,” ती म्हणाली. “मग निळा पडत गेला. मला काय करायचं ते कळलं नाही, आई.”

लेम्पीने बेटावरची दोन बाळंतपणं स्वतःच्या हातांनी केली होती. तिला कळलं असतं.

तिने मुलीला सगळं सांगितलं. भोकं, आवाज, आडवं झाड. साइमाने ऐकून घेतलं.

“बाबा असते तर त्यांनी तुला उचलून माझ्याकडे आणलं असतं,” ती म्हणाली. आणि तोंड फिरवलं.

आजही ती आईशी कामापुरतंच बोलते.

लेम्पी शपथेवर सांगते, घाव वाल्तोचेच होते. मी एकदा विचारलं होतं, तो वाल्तो नसला तर मग कोण? तिने हातातला कप खाली ठेवला.

“आणि तोच असला तर... बर्फ तर घट्ट होता,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी हा विषय काढलेला नाही.