सात बाजूंचा बटाटा

बाजू पहिली

खट्!

माझं कोपर त्याच्या कोपरावर आपटलं, आणि पट्टी लावून कापलेली त्याची गाजराची काडी उडून थेट शेफ व्हेर्दिएबाईंच्या बुटावर पडली.

"हो, शेफ!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो. त्यांनी काही विचारलंही नव्हतं.

लियॉनच्या आमच्या पाककलेच्या शाळेत ओट्यावरच्या जागा आडनावावरून ठरतात. मी डावखुरी, तो उजवा. म्हणजे वर्षभर हेच.

"या कोपराला नाव आहे?" तो कुजबुजला. "रोज भेटणार तर ओळख असलेली बरी."

"सोलेन. कोपरासकट."

"मी बाझील. काडीशिवाय."

बाजू दुसरी

ज्युलियन म्हणजे काडी, जमली. ब्रुनुआज म्हणजे दोन मिलिमीटरचा चौकोनी दाणा, तोही जमला. पण टूर्ने...! बटाटा हातात धरून तासायचा, पाच सेंटिमीटरचं इवलंसं पिंप करायचं, आणि बाजू बरोबर सात.

"सहा म्हणजे आळस," शेफ म्हणायच्या, "आठ म्हणजे भीती."

मार्चच्या परीक्षेत माझ्या आठ आल्या. आता जून, शेवटची संधी. हुकली तर सुऱ्या गुंडाळायच्या आणि आईच्या चीजच्या दुकानात उभं राहायचं. आईनं तर एप्रनही शिवून ठेवला होता.

बाजू तिसरी

"तू शेफच्या शेजारी उभी राहून शिकतेस," बाझील म्हणाला, "म्हणून तुला सगळं उलटं पडतं. थांब."

तो ओट्याच्या पलीकडे गेला. अगदी माझ्यासमोर.

"मी आरसा. माझ्या हातांकडे बघ आणि तसंच कर."

त्याचा उजवा हात, माझा डावा. सुरी वळली की वळवायची. बटाटा फिरला की फिरवायचा. आणि दर वळणाला त्याच्या पापण्या एकदा खाली जायच्या — आरशाला इतक्या लांब पापण्या असतात?

"किती झाल्या?"

"काय?"

"बाजू, सोलेन!"

बाजू चौथी

"आरसे लाजतात का रे?"

"समोरचं लाजलं की लाजतात."

बाजू पाचवी

परीक्षेत मात्र जागा चिठ्ठ्या टाकून. बाझील — माझ्या पाठीमागे!

सुरी बटाट्याला टेकली आणि तिथंच थांबली. एप्रन दिसायला लागला, आईनं शिवलेला...

मी डोळे मिटले. तो समोर उभा होता. पापणी लवली, मी वळवलं. लवली, वळवलं. डोळे उघडले तरी तो तिथंच. लवली... लवली... आणि मग लवली नाही. मी सुरी खाली ठेवली.

बाजू सहावी

शेफनी बटाटा चिमटीत धरून फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"सात," त्या म्हणाल्या. "आणि घाबरलेली एकही नाही."

मी अंगणात धावत सुटले. बाझीलनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, आणि तेव्हा दिसलं. उजव्या हाताच्या तीन बोटांना निळ्या पट्ट्या.

"सुरी उजव्या हातात धरतोस ना? मग त्याच हाताची बोटं कशी कापली?"

तो बुटांकडे बघायला लागला. "घरी... डाव्या हातानं कापतोय. तीन आठवडे. तुला नेमकं कुठं अडतं ते कळायला नको?"

"आणि एवढे बटाटे?"

"आई सूप करते. बाबा आता बटाटा म्हटलं की टेबलावरून उठतात." मग त्यानं मान वर केली. "पण या पट्ट्या तीन आठवडे तुझ्या नाकासमोर होत्या! तू माझे हात बघत होतीस ना?"

"...नाही."

"मग सात कशा मोजल्यास?"

मी सांगितलं. सगळं. पापण्यांसकट.

आता त्या लवायच्याच थांबल्या.

बाजू सातवी

सोन नदीच्या काठानं निघालो. त्याचा पट्ट्यांचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. समोर नाही, शेजारी. कोपराला कोपर लागलं — खट्!

"हो, शेफ," दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.