नायक गप्प झाला तेव्हा

टाइपरायटर मी छत्रीखाली धरला होता आणि स्वतः भिजत होते. त्याचा ‘ळ’ उठेना. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला ‘ळ’शिवाय पानभरही पुढे सरकता येत नाही — डोळे नाहीत, संध्याकाळ नाही, हळूच काही म्हणणं नाही. म्हणून भुरभुर पावसात ते धूड कवटाळून मी जिन्याखालच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरले. तिथल्या मेकॅनिकने आधी यंत्र पुसलं आणि मग टॉवेल माझ्यापुढे केला.

‘‘यंत्र गंजतं, माणसं गंजत नाहीत,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणून हा क्रम. राग मानू नका.’’

राग आलाच. आवाज मात्र घरी गेल्यावरही कानात राहिला... खोल, सावकाश, वाक्य संपता संपता जरासा हसणारा.

यंत्र परत आणायला गेले तर त्यात माझाच अर्धा कागद तसाच अडकलेला होता. कागदावर माझी नायिका दारात उभी राहून विचारत होती, ‘तू पुन्हा कधी येशील?’ त्यापुढे मला काही सुचलं नव्हतं. माझ्या नायिका घडाघडा बोलायच्या, पण नायकांनी तोंड उघडलं की सरकारी नोटीस वाचल्यासारखं वाटायचं. आता त्या प्रश्नाखाली एक नवी ओळ उमटली होती — ‘यंत्र बिघडलं की.’

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘दुरुस्ती झाली का ते बघायला काहीतरी टाइप करावंच लागतं.’’

‘‘पण यात ‘ळ’ कुठं आहे?’’

त्याने ओळ पुन्हा वाचली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘‘म्हणजे... बघायचं राहूनच गेलं की. तुम्हाला उद्या परत यावं लागणार.’’

त्या वर्षी माझं यंत्र इतक्यांदा बिघडलं, की शेवटी आई म्हणाली, एकदाचा तो मेकॅनिकच घरी आणून ठेव.

लग्नानंतर आमची लिहिण्याची एक रीत पडून गेली. संध्याकाळी हे कपड्यांना इस्त्री करायचे, मी ओट्यापाशी भाजी चिरायची. पावाच्या डब्याला कागद टेकवलेला, पेन्सिल केसात खोचलेली. मी नायिकेचं वाक्य म्हणायची आणि हे मान वर न करता नायकाचं उत्तर द्यायचे. ते मी ओल्या हातांनी उतरवून घ्यायची. एकदा ऐन प्रेमात आलेला नायक ‘अरेरे, कॉलर जळली’ म्हणाला. मी तेही ठेवलं. वाचकांना फार आवडलं.

त्यात माझा एक चोरटा आनंद होता. एरवी मी ह्यांना ‘अहो’च म्हणायची, ‘तू’ म्हणायचं ते फक्त नायिकेच्या तोंडून. पुढे चिंगी झाली, मग बाळ झालं, तरी ‘तू’ म्हणताना माझे गाल गरम व्हायचेच. गॅसमुळे, असं मी सांगायची.

टेबलाशी चित्रं काढत बसलेली चिंगी मधूनच मान वर करून विचारायची, ‘‘हे खरं भांडण की पुस्तकातलं?’’ आम्ही दोघं एकदम म्हणायचो, पुस्तकातलं. मग ती पुन्हा रंगवायला लागायची. खऱ्या भांडणातही आम्ही तेच उत्तर द्यायचो, त्यामुळे बरीच भांडणं तिथंच विझली.

प्रेम आहे असं मात्र ह्यांनी स्वतःच्या तोंडाने मला कधी सांगितलं नाही. मी टोमणा मारला की म्हणायचे, ‘‘इतक्या वेळा सांगितलं. छापूनसुद्धा आलं. आणखी काय हवं?’’

मग एका संध्याकाळी, नायक नायिकेला थांबवत असताना, ह्यांचा आवाज मध्येच फाटला. सर्दी असेल म्हणालो. गुळण्या झाल्या, वाफारे झाले. आवाज काही सुटेना. हे न्हाणीघरात खाकरायचे तेव्हा मी बाहेर नळ बंद करून कान देऊन उभी राहायची आणि दार उघडलं की घाईघाईने काहीतरी धुवायला घ्यायची.

डॉक्टरांनी आरशाने घसा पाहिला. आवाजाच्या पडद्यावर गाठ होती. ती काढून तपासायला पाठवायची. वाईट आहे की साधी, ते नंतर कळणार. साधी निघाली तरी आवाज परत येईलच असं ते सांगू शकत नव्हते. शस्त्रक्रियेनंतर ते स्वतः सांगेपर्यंत बोलणं पूर्ण बंद, कुजबुजसुद्धा नाही. कुजबुजीने पडद्यावर जास्तच ताण येतो, असं ते म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली आणि घर गप्प झालं. हे कपावर चमचा वाजवून हाक मारायचे, चिठ्ठीवर ‘बाळाचं दूध उतू जातंय’ एवढंच लिहायचे. नायकाचं उत्तर लिहून द्या, असं मी एकदा सुचवलं. त्यांनी नुसती ‘नाही’ अशी मान हलवली आणि इस्त्री फिरवत राहिले. कादंबरीचा शेवट संपादकांना द्यायचा होता. नायिका कधीची खिडकीशी उभी होती आणि समोरून उत्तर नव्हतं.

एका दुपारी हात कांद्यात आणि तोंड सवयीने कादंबरीत, अशी मी बोलून गेले, ‘‘मला ठाऊक आहे, तो आता कधीच बोलणार नाही. मी त्याचा आवाज विसरून जाईन, आणि विसरले हेही मला कळणार नाही...’’

मागे काहीतरी घरंगळलं. चिंगीच्या हातातून रंगाची डबी पडली होती. तिने ‘खरं की पुस्तकातलं’ असं विचारलं नाही. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते कांद्याचं आहे असं म्हणायला मला वेळच मिळाला नाही. ती पळाली.

मी बाहेर गेले तेव्हा ती बाबांसमोर पाय जुळवून ताठ उभी होती.

‘‘बाबा, एकदाच बोला ना. मग नका बोलू.’’

ह्यांचा कंठ हलला. ओठ उघडले. मी धावत जाऊन ओला हात त्यांच्या तोंडावर दाबला. तळव्याखाली ते ओठ थरथरत होते. तेव्हा मला कळलं, की बोलायचं होतं ते एकट्या चिंगीसाठी नव्हतं. आत आवाज उरलाय की नाही, ते त्यांनाही बघायचं होतं. आणि नायकाचं उत्तर लिहून द्यायला नकार दिला होता, तोही याच भीतीने, लिहून दिलं की आवाज गेला हे मान्य केल्यासारखंच.

त्यांनी हळूच माझा हात बाजूला केला, चिंगीला मांडीवर घेऊन टाइपरायटरशी बसले. एकेक अक्षर उमटत गेलं, तसं चिंगी वाचत गेली : ‘आई म्हणाली ते पुस्तकातलं.’

‘‘मग खरं काय?’’ तिने विचारलं.

ह्यांची बोटं कळांवर तशीच थांबली. बाळ खुळखुळा आपटत होतं. चिंगी वाट पाहून पाहून त्यांच्या छातीवर झोपून गेली. कागदावर दुसरी ओळ उमटलीच नाही.

तपासणीच्या दिवशी बाळाला आणि चिंगीला घेऊनच आम्ही गेलो. डॉक्टरांनी कागद उघडला. गाठ साधी होती. मी मटकन खुर्चीत बसले. पण डॉक्टर अजून ह्यांच्याचकडे बघत होते.

‘‘आता बोला. काहीही. अगदी सावकाश.’’

ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. सुरुवात नेहमी माझी असायची.

मी म्हटलं, ‘‘तू पुन्हा कधी येशील?’’

नुसती हवा. मग पुन्हा हवा. चिंगीने माझा पदर मुठीत धरला.

‘‘यंत्र...’’ घासलेला, जाडाभरडा असा कुठला तरी आवाज आला. ‘‘यंत्र बिघडलं की.’’

‘‘कसलं यंत्र?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘हे खरं की पुस्तकातलं?’’ चिंगी दबकत म्हणाली.

‘‘खरं,’’ तिचे बाबा म्हणाले.

तो जुना खोल आवाज नंतर कधी आलाच नाही. माझे पुढचे नायक तुटक बोलू लागले. ते आता मोठे झाल्यासारखे वाटतात, असं एका वाचक मुलीने कळवलं.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना बसमध्ये दोन्ही मुलं आमच्या मांड्यांवर पेंगत होती. खिडकीची काच वाफेने धुरकटली होती. मी ह्यांच्याकडे न बघताच विचारलं, ‘‘घाबरला होतास?’’

गोष्टीबाहेरचं ते माझं पहिलं ‘तू’. जीभ चावली, पण शब्द परत घेतला नाही.

त्यांनी माझं बोट आपल्या बोटांत अडकवलं.

‘‘फार,’’ ते म्हणाले. ‘‘बोलता आलं नसतं तर... तू संध्याकाळी कुणाला विचारलं असतंस?’’

माझ्या एकाही नायकाने असं काही म्हटलं नव्हतं. तेव्हा माझ्याजवळ पेन्सिल होती, केसातच होती. मी ती काढली नाही. इतकी वर्षं ते वाक्य मी कुठल्याच कादंबरीला दिलं नाही.

आज इथे लिहू का, म्हणून मघाशी हाक मारून विचारलं. आतल्या खोलीतून इस्त्री टेकवल्याचा आवाज आला आणि मग तोच खरखरीत सूर, ‘‘लिही. पण कॉलरचंही लिही.’’