नकटीचं नाक आणि जळका वास

"काका, गाडी थांबवा! मला ओकारी येतेय!"

काकांनी कचकन ब्रेक दाबला. नकटी धडपडत खाली उतरली, रस्त्याच्या कडेला ओणवी झाली आणि सकाळचा सगळा नाश्ता मातीत गेला.

"शी! पुन्हा तोच जळक्या तेलाचा वास!" ती तोंड पुसत म्हणाली.

"कुठाय वास?" काकांनी आरशाला टांगलेल्या सुगंधी वड्यांकडे बोट दाखवलं. रविवारपासून रोज एक, अशा आता चार झाल्या होत्या. गुलाब, लिंबू, चंदन, स्ट्रॉबेरी! त्या गोडगोड वासात जळकं तेल मिसळलं की नकटीच्या पोटात नुसतं ढवळून यायचं.

"घे, घोटभर चहा घे, बरं वाटेल," म्हणत काकांनी थर्मास उघडला. नकटीने कप नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"ईऽऽ! ह्यालाही वास येतोय!"

"झालं! आता चहालाही वास!" काका तडकले. "रविवारी मी स्वतः थर्मास दुरुस्त केला. एक थेंब गळत नाही आता. नाटकं आहेत तुझी सगळी! उद्या दीपगृहाला जायचंय, तीन तासांचा रस्ता. तू घरीच राहा."

नकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दीपगृहाचं चित्र तिने वर्षभर अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवलं होतं. त्याच्या तीनशे पायऱ्या चढायच्या म्हणून ती सुट्टीची वाट बघत होती. आणि आता घरी बसायचं? तेही खोटारडी ठरून?

घरी पोचल्यावर काका जेवून आडवे झाले आणि अंगणात बैठक भरली. नकटी, तिचा चुलतभाऊ पंडित आणि त्याची धाकटी बहीण चिमणी. पंडित दिसेल तो कागद वाचायचा, म्हणून पंडित. नकटीचं नाक चपटं, म्हणून ती नकटी. पण शेजारच्या घरात दूध करपलं तरी ते आधी त्या नाकाला कळायचं.

"बाबा थापा मारतायत," पंडित म्हणाला. "वास येत नाही, तर चार-चार वड्या कशाला टांगल्या?"

"आणि वास रविवारपासूनच का येतोय?" नकटीने विचारलं.

"रविवारी बाबांनी इंजिनात तेल घातलं!" चिमणी ओरडली. "तेलाचं ते काळंकुट्ट झाकण त्यांनी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुतलं. आई केवढी भडकली होती!"

पंडितने गाडीचं माहितीपुस्तक आणलं होतं. "मघाशी गाडी आली तेव्हा मी मागे उभं राहून बघितलं. मागच्या नळीतून निळा धूर येत नव्हता. म्हणजे तेल इंजिनाच्या आत जळत नाहीये. बाहेर सांडतंय आणि तापलेल्या भागावर पडून जळतंय!"

"मग उघडू या बॉनेट!" चिमणी उठलीच.

"हात भाजून घ्यायचाय? आधी गार होऊ दे."

दोन तास त्यांनी कसेबसे काढले. मग बॉनेट वर गेलं आणि तिघांनीही नाकं दाबली. इंजिनाच्या एका बाजूला काळा, चिकट राडा झाला होता. त्यात धूळ, वाळकी पानं आणि दोन मेलेल्या माश्या.

"याक्! मला बघवत नाही!" म्हणत चिमणी सगळं टक लावून बघत होती.

नकटीलाही शिसारी आली. पण दीपगृह आठवून तिने नाकावरचा हात काढला. सायलेन्सरच्या पाइपावर तेल करपलं होतं. तिथून ओला ओघळ वर वर जात थेट तेलाच्या झाकणापाशी पोचत होता. झाकण घट्ट बसलेलंच नव्हतं, हात लावताच डुगडुगलं.

पंडितने पुस्तकातलं चित्र दाखवलं. "झाकणाच्या आत रबरी रिंग हवी. इथे नुसती खाच आहे. रिंग गेली कुठे?"

नकटीने झाकण हुंगलं. तिने डोळे मिटून पुन्हा हुंगलं आणि ती ताडकन स्वयंपाकघराकडे पळाली. परत आली ती थर्मासचं झाकण घेऊन. आतली जाडजूड काळी रिंग तिने नखाने उपसली आणि तेलाच्या झाकणात बसवली. ती चपखल बसली!

"अगं बाई!" चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी रोज त्यातला घोटभर चहा पितेय!"

तेवढ्यात काका जांभया देत बाहेर आले. मागोमाग काकूही.

"काका, दोन झाकणं आहेत," नकटीने दोन्ही मागे लपवली. "डोळे मिटा आणि गाडीचं कुठलं ते ओळखा. वास येत नसेल तर मी नाटकी!"

काकांनी ऐटीत डोळे मिटले. पहिलं झाकण नाकाशी येताच ते झटकन मागे सरले. "शी! हे गाडीचं!"

"ते थर्मासचं आहे, काका."

काकांनी डोळे उघडले आणि त्या झाकणातली रिकामी खाच बघितली. बेसिनमध्ये रबरी रिंग सापडली तेव्हा ती थर्मासचीच समजून त्यांनी बसवली होती. चार दिवस, रोज पाच कप! पुढच्याच क्षणी ते तोंडावर हात दाबून मोरीकडे धावले.

परत येऊन त्यांनी फडकं घेतलं. राडा पुसला, झाकण घट्ट लावलं, पट्टी घालून तेल मोजलं आणि हवं तेवढं भरलं. गाडी सुरू केल्यावर उरलंसुरलं तेल थोडा वेळ धुरकटलं, मग वास गेला. चारही वड्या काकांनी स्वतःच्या हाताने काढून फेकल्या.

"वास मलाही येत होता, नकटे," ते खालमानेने म्हणाले. "माझीच चूक निघेल म्हणून बोललो नाही. नाटकं माझी होती. उद्या पुढच्या सीटवर तूच बस."

"ज्या नाकाला आपण नावं ठेवली, त्याच नाकाने आपल्याला वाचवलं," म्हणत काकूंनी तिला जवळ घेतलं. "आणि पंडित, चिमणी, तुम्हीही शाबास!"

दुसऱ्या दिवशी तीनशे पायऱ्या चढून सगळे दीपगृहाच्या माथ्यावर पोचले. नकटी सगळ्यांच्या आधी! काकूंनी नवाकोरा थर्मास उघडून कप भरले. पण कपाला कोणीच तोंड लावेना. सगळे नकटीकडे बघत होते.

तिने सावकाश एकेक कप हुंगला. "हं. प्या."

सगळ्यांनी कप उचलले. काका मात्र कठड्याला टेकून म्हणाले, "मला आपलं पाणीच दे बाई!"